बंध आणि पात्र : खाऱ्या पाण्यातील माशाच्या टाकीचे माप

अहिंसेचे व्रत घेतलेल्या गृहस्थाच्या हातून ते व्रत न मोडताही मलिन कसे होऊ शकते, याचा विचार जैन आचार्यांनी फार बारकाईने केला आहे. व्रताचा पूर्ण भंग न होता त्याला लागणाऱ्या अशा दोषाला ते अतिचार म्हणतात. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने आपल्या मर्यादेत पाळायच्या अहिंसेचे, जे पाच अतिचार मोजले आहेत, त्यांत जिवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे, म्हणजेच बंध, हा पहिला आहे. मारहाण, अवयव तोडणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे हे चार त्याच्यामागून येतात. क्रमाला नको तितका अर्थ चिकटवू नये हे खरे, तरीही या पाचांत ओळखायला सर्वांत कठीण दोष बंधच आहे, कारण त्यात रक्त सांडत नाही, व्रण उमटत नाही, आणि बांधणाऱ्याच्या मनात बांधलेल्या जिवाविषयी खरेखुरे प्रेमही असू शकते.

'तत्त्वार्थसूत्रा'वर 'सर्वार्थसिद्धि' ही टीका लिहिणाऱ्या पूज्यपादांनी बंधाची जी व्याख्या केली आहे, ती या लेखाचा आधार आहे. जिवाला ज्या ठिकाणी जावेसे वाटते, तिकडे जाण्याला जे आडवे येते ते बंध, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. येथे दोरीची लांबी, भिंतीची उंची किंवा पिंजऱ्याचे क्षेत्रफळ यांचा उल्लेखही नाही. बंध मोजायचा तो बांधलेल्याच्या इच्छेने. ज्याला दहा हातांपलीकडे जावेसेच वाटत नाही, त्याला वीस हातांवरची भिंत बंध ठरत नाही आणि ज्याची ओढ कोसभर आहे, त्याला शंभर हातांचे अंगणही बंधच ठरते. खाऱ्या पाण्यातील मासे घरात पाळणाऱ्यांना रोज पडणारा एक साधा, व्यावहारिक वाटणारा प्रश्न, म्हणजे कोणत्या माशाला किती मोठी टाकी, हा या व्याख्येच्या उजेडात पाहिला तर तो दुकानदाराच्या तक्त्यावरून सुटणारा प्रश्न राहत नाही.

जैन जीवविचारात मासा पंचेंद्रिय तिर्यंचांत, म्हणजे पाचही इंद्रिये असलेल्या मनुष्येतर जिवांच्या जलचर वर्गात येतो. पायाखाली येणाऱ्या एकेंद्रिय-द्वींद्रिय जिवांसाठी जिथे इतकी सावधगिरी सांगितली आहे, तिथे पाच इंद्रियांच्या जिवाला आयुष्यभर काचेत ठेवताना किती सावधगिरी हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

मरीन टँक, म्हणजे समुद्री जिवांसाठी घरात मांडलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ही गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा मुळातच अधिक नाजूक असते. प्रवाळखडकाच्या भोवतालचा समुद्र क्षारता, तापमान आणि आम्लता या बाबतींत सहसा थोडाच बदलतो, आणि त्यातील जीव त्या स्थैर्याला सरावलेले असतात. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.7 मिलिग्रॅमच. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया टाकीतील जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलत असतात, परंतु हे काम करणारी जिवाणूंची वस्ती रुजायला काही आठवडे लागतात आणि अचानक वाढलेला भार तिला पेलत नाही. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. 40 लिटरच्या टाकीतून 2 लिटर पाणी उडाले तर लिटरमागे 35 ग्रॅम असलेली क्षारता जवळजवळ 37 ग्रॅमवर जाते. तेवढेच पाणी 400 लिटरमधून उडाले तर फरक पाव ग्रॅमही पडत नाही. लहान टाकी ही नवख्याला सोपी वाटते, पण तिच्यातील चुकीला माफी नसते. पाळणारा एक दिवस गावाला गेला, वीज दोन-तीन तास गेली, एखादा मासा खडकाआड मरून पडला, की लहान पाण्यात त्याचे पर्यवसान सगळ्यांच्या मृत्यूत होऊ शकते.

इथवरचा विचार पाण्याचा, म्हणजे तगण्याचा झाला. बहुतेक ठोकताळे इथेच थांबतात. माशाच्या इंचामागे अमुक गॅलन पाणी, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ठोकताळा आहे आणि तो गणितातच चुकतो, कारण शरीराचे वजन लांबीच्या पटीत वाढत नसून ढोबळमानाने तिच्या घनाच्या पटीत वाढते. अडीच सेंटिमीटरचे आठ मासे आणि वीस सेंटिमीटरचा एक मासा यांची लांबी सारखीच भरते, पण एकसारख्या बांध्याचे धरले तर त्या एकाचे वजन आठांच्या मिळून वजनाच्या 64 पट होते, आणि खाणे, श्वास व मलही कित्येक पटींनी वाढतात. त्याहून मोठी उणीव अशी की, हा ठोकताळा माशाला पाणी घाण करणारे एक यंत्र समजतो. उत्तम गाळणी, शक्तिशाली स्किमर, म्हणजे फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे उपकरण, आणि खाली जोडलेला मोठा सम्प, म्हणजे नजरेआडची साठवण टाकी, एवढे जमवले की थोड्या जागेत अधिक मासे जगवता येतात, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण सम्पमधील शंभर लिटर पाण्यात मासा पोहू शकत नाही. पाणी शुद्ध ठेवण्याने अन्नपाननिरोधासारखा, म्हणजे अन्नपाणी तोडण्यासारखा, दोष टळेल. बंधाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहील.

मग माशाची ओढ किती, हे कळावे कसे? मासा बोलत नाही, त्याचा चेहरा माणसाला वाचता येत नाही, आणि त्याच्या अंतरंगाविषयी केलेले प्रत्येक विधान हे आपल्याच मनाचे प्रतिबिंब असण्याचा धोका असतो. या अडचणीला भारतीय तर्कशास्त्राने जे उत्तर दिले ते येथे उपयोगी पडते. न्यायदर्शनात शरीराला चेष्टेचा आश्रय म्हटले आहे, आणि चेष्टा म्हणजे हवे ते मिळवण्यासाठी व नको ते टाळण्यासाठी होणारी हालचाल. दुसऱ्याचे मन प्रत्यक्ष दिसत नाही, पण त्याच्या चेष्टेवरून इच्छा आणि द्वेष यांचे अनुमान करता येते. माणसामाणसांतही आपण याहून वेगळे काही करत नाही. तेव्हा माशाच्या टाकीचे माप काढायचे तर आधी समुद्रात तो मासा दिवसभर काय करतो हे जाणून घ्यावे लागते, आणि नंतर टाकीत तो काय करू पाहतो हे पाहावे लागते.

हवाईच्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने आढळणारा यलो टँग हा पिवळाधमक, पसरट मासा याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्ण वाढीला तो वीस सेंटिमीटरपर्यंत जातो. प्रवाळखडकावरचे शेवाळ खुडत तो दिवसभर पुढे सरकत राहतो, संध्याकाळी आसऱ्याच्या जागी परततो, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या धारदार काट्याने आपली जागा राखतो. दुकानात तो बोटभर लांबीचा असतो आणि साठ सेंटिमीटरच्या टाकीत शोभूनही दिसतो. वर्षभरानंतर त्याच टाकीत तो एका टोकाकडून सुटतो, शेपटीचे दोन-तीन फटकारे मारतो, आणि वेग धरण्याच्या आतच त्याला वळावे लागते. मधला खडक वगळला तर सलग मोकळे पाणी त्याच्या स्वतःच्या लांबीच्या दुपटी-तिपटीपेक्षा जास्त उरत नाही. मग तो काचेला लागून वर-खाली, वर-खाली फेऱ्या घालू लागतो. पाळणारे याला ग्लास सर्फिंग म्हणतात. त्याचा रंग फिका होतो, पर अंगाशी मिटलेले राहतात, नव्याने आलेल्या प्रत्येक माशावर तो तुटून पडतो, आणि अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी रोग त्याला पुन्हा पुन्हा गाठतो. म्हणूनच जाणकार मार्गदर्शक या माशासाठी निदान 380 लिटर आणि चार फूट लांबी सांगतात, आणि अनुभवी पाळणारे सहा फुटांचा आग्रह धरतात. 6 × 2 × 2 फुटांच्या टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावते, पण येथे लिटरपेक्षा लांबीचा आकडा महत्त्वाचा आहे. तेवढेच पाणी उंच, अरुंद टाकीत भरले तर टँगच्या दृष्टीने ते जवळजवळ वाया गेले.

याच्या अगदी उलट उदाहरण मँडरिन माशाचे आहे. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी असलेला हा मासा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा, संथ आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला असतो. शरीराच्या मापाने पाहिले तर छोट्याशा नॅनो टँकमध्ये तो सहज मावावा. पण तो खडकाच्या पृष्ठभागावरील कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना टिंबाएवढे दिसणारे कवचधारी जीव, एकेक करून टिपत दिवस काढतो, आणि बहुतेक मँडरिन वरून टाकलेल्या तयार खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. लहान टाकीतील कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात. मासा टिपण्याची हालचाल करतच राहतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तो खातो आहे असेच वाटते. परंतु त्याचे पोट आत जाते, कण्याची रेषा वर येते, आणि एक दिवस तो दिसेनासा होतो. त्याला पोहायला जागा नको होती. त्याला भरपूर जुना, जिवंत खडक हवा होता, आणि तो पुरेसा मावण्यासाठी साधारण 280 लिटरची, कित्येक महिने मुरलेली टाकी लागते. जॉफिश नावाचा बिळात राहणारा मासा तर लांबीही मागत नाही आणि खडकाचा मोठा विस्तारही. त्याला तळाशी वीतभर खोल वाळू हवी, कारण त्याची सगळी चेष्टा खाली खणण्याची आहे. एकाचा समुद्र आडवा, दुसऱ्याचा खडकाच्या खाचाखोचांत पसरलेला, तिसऱ्याचा उभा. लिटर या एकाच एककात या तिघांना बसवू पाहणे म्हणजे त्यांच्याविषयी काहीच न विचारणे होय.

द्वेषाची चेष्टाही तितकीच महत्त्वाची आहे. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच संपते. टाकीत पळायला जागा नसेल, तर जिंकलेल्याचा आवेश ओसरण्याआधीच हरलेला दहा वेळा त्याच्या नजरेस पडतो. एरवी दोन क्षणांत मिटली असती अशी हुसकाहुसकी मग मरणाला कारण होते. पाळणारे त्या माशाला दुष्ट ठरवतात, आणि तो अन्याय आहे.

टाकीच्या प्रश्नाची दुसरी बाजू क्लाउन माशात दिसते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा समुद्रफुलाच्या, म्हणजे दंश करणाऱ्या स्पर्शिका असलेल्या ॲनिमोनच्या आश्रयाने राहतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर दहा-बारा दिवस प्रवाहाबरोबर वाहत गेल्यानंतर एकदा का त्याला आपले समुद्रफूल सापडले, की पुढचे आयुष्य तो त्याच्याभोवतीच्या थोड्याशा पाण्यात काढतो, कारण त्यापलीकडे त्याला खाणारे टपलेले असतात. टाकीतही, काच कितीही दूर असली तरी, तो आपल्या कोपऱ्यापासून फारसा हलत नाही. सुमारे 75 लिटरची टाकी त्याच्या जोडीला पुरते ती याच कारणाने. गृहस्थाच्या आचारावरील श्वेतांबर टीकाग्रंथांत बंधाविषयी जी चर्चा आहे, तिच्याशी हे विलक्षण जुळते. तेथे निरर्थक बंध सर्वस्वी वर्ज्य मानला आहे, आणि सप्रयोजन बंधाचेही दोन प्रकार केले आहेत: हालताही येऊ नये असा आवळलेला तो निरपेक्ष, आणि आग लागली तर सोडवता किंवा तोडता यावा असा सैल तो सापेक्ष. पण याही पुढे जाऊन सांगितले आहे की, श्रावकाने शक्यतो असेच प्राणी बाळगावेत, जे न बांधताही राहतात. ही कसोटी गुरांसाठी सांगितली गेली असली तरी माशांना ती अधिकच नेमकी लागू पडते. भिंत काढून टाकली तरी जो तिथेच राहिला असता, त्याला ती भिंत बांधत नाही.

अर्थात क्लाउन मासा टाकीत आला कोठून, हा प्रश्न उरतोच, कारण समुद्रफुलाजवळून उचलून आणलेल्या माशाला त्याच्या राहत्या जागेपासून तोडलेले असते. या बाबतीत सुदैवाने परिस्थिती सुधारली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या पैदाशीचे तंत्र भारतात विकसित केले, आणि नवी मुंबईत ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांच्या उबवणीचे काम उभे राहिले. यलो टँगची बंदिवासातील पैदास 2015 मध्ये हवाईत प्रथमच साधली. टाकीत जन्मलेल्या माशाला समुद्राची आठवण नसते, हे खरे. त्यावरून त्याला समुद्राची ओढही नसते असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. टँगचे स्नायू, त्याच्या शेपटीचा आकार आणि दिवसभर पुढे सरकण्याची त्याची रीत ही त्याच्या जातीची आहेत, जन्मस्थळाची नाहीत.

मासा आणि पात्र यांच्या नात्यावर भारतीय परंपरेत जी कथा सर्वांत प्राचीन आहे, ती मनूची. 'शतपथ ब्राह्मणा'त सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि आपल्याला सांभाळण्याची विनंती करतो, कारण लहान माशाला मोठा मासा गिळतो. कसे सांभाळू, असे मनू विचारतो, तेव्हा मासाच त्याला सांगतो की आधी कुंभात ठेव, कुंभात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही अपुरा पडला की समुद्रात ने. 'महाभारता'च्या वनपर्वात हीच कथा विस्ताराने येते. तेथे वैवस्वत मनू चिरिणी नदीच्या तीरावर तप करतो आहे, आणि मासा रांजणातून दोन योजने लांब व एक योजन रुंद अशा वापीत, तिथून गंगेत आणि गंगेतून समुद्रात जातो. 'भागवता'च्या आठव्या स्कंधात राजा सत्यव्रताच्या कमंडलूतला मासा एका रात्रीत वाढतो आणि आपल्याला येथे सुखाने राहता येत नाही अशी तक्रार करतो. पुराणकारांना या कथेत अवताराचे माहात्म्य सांगायचे होते, आणि प्रलय, नौका व शिंग यांच्यापुढे पात्रांची ही साखळी नुसती पूर्वपीठिका म्हणून वाचली जाते. तरीही ती सावकाश वाचण्याजोगी आहे. पात्र बदलण्याची वेळ कधी आली, हे प्रत्येक वेळी मासा सांगतो. रक्षक सांगत नाही. मनू एकदाही असे म्हणत नाही की, एवढ्या रांजणात भागव. आणि 'शतपथा'तील मासा तर शेवटच्या पात्रापर्यंतचा सगळा क्रम पहिल्याच भेटीत सांगून मोकळा होतो, म्हणजे मनू त्याला ओंजळीतून कुंभात ठेवतो तेव्हा आपण समुद्रापर्यंतची जबाबदारी पत्करतो आहोत हे त्याला ठाऊक असते.

आजच्या मासे पाळणाऱ्यालाही ते ठाऊक असू शकते. पँथर ग्रूपर हा पांढऱ्या अंगावर काळे गोल ठिपके असलेला, डुलत डुलत पोहणारा मासा दुकानात सात-आठ सेंटिमीटरचा असतो, आणि त्याच्याकडे पाहून मन वळले नाही असा माणूस विरळा. हाच मासा पुढे साठ-सत्तर सेंटिमीटरचा होतो. ही गोष्ट कोणत्याही प्राथमिक पुस्तकात छापलेली असते. तरीही तो विकत घेतला जातो, आणि त्या वेळी मनात एक वाक्य असते: पुढे मोठी टाकी घेऊ. हे वचन आहे, आणि ज्याला दिले तो ते मागायला येऊ शकत नाही. ज्याला वचनाची आठवणही करून देता येणार नाही, त्याला दिलेले वचन पाळणे अधिक बंधनकारक मानावे की कमी, या प्रश्नाचे उत्तर धर्मविचारात नेहमी एकाच बाजूने दिले गेले आहे. शरणागताच्या रक्षणाचा सगळा महिमा त्याच्या असहायतेवर उभा आहे.

वचन मोडल्याची बोच कमी करणारी एक समजूत या छंदात फार पसरली आहे, ती अशी की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. ती खरी नाही. लहान टाकीतील माशाची वाढ काही वेळा खुंटते, हे दिसते. पण ती दूषित पाणी, अपुरा किंवा चुकीचा आहार आणि सततचा ताण यांमुळे खुंटते, आणि अशा माशांत व्यंगे, रोग व अकाली मृत्यू अधिक आढळतात. खुंटलेल्या वाढीला जुळवून घेणे म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

माशाला दुःख होते का, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा जाणणारे चेतातंतू असल्याचे दाखवले; त्याउलट मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन की यांनी 2016 मध्ये असा पक्ष मांडला की, वेदनेच्या अनुभवाला लागणारी मेंदूची रचनाच माशांत नाही, आणि त्यावर मोठा वाद झाला. मरीन टँकसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या क्लीनर रास या छोट्या माशाने तर, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मासानोरी कोहदा यांच्या गटाच्या प्रयोगांत, आरशात पाहून आपल्या अंगावरची खूण घासून काढण्याचा प्रयत्न केला. त्याचा अर्थ काय लावायचा यावरही एकमत नाही. हा वाद शास्त्रज्ञ पुढे नेतील. परंतु आचाराच्या दृष्टीने तो सुटेपर्यंत थांबण्याची मुभा नाही, कारण शंकेच्या काळातही मासा कोठेतरी ठेवलेला असतोच. 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध, बेफिकीर वागण्यात सांगितले आहे. संशय असताना मोजमाप न करता मासा आणणे, हा नेमका प्रमाद आहे. मग पुढे विज्ञानाचा निकाल कोणताही लागो. या दृष्टीने माशाची पूर्ण वाढ, त्याचा दिनक्रम, त्याचे खाणे आणि त्याचा स्वभाव यांची माहिती आधी काढणे, फूटपट्टी घेऊन टाकीच्या जागेची लांबी मोजणे, आणि मग कदाचित रिकाम्या हाताने परत येणे, ही केवळ हौशी माणसाची शिस्त राहत नाही. पाऊल टाकण्याआधी चार हात पुढची जमीन न्याहाळणाऱ्या मुनीच्या ईर्यासमितीचे, म्हणजे जीव जपत चालण्याच्या नियमाचे, ते गृहस्थाच्या घरातले रूप आहे.

भारतीय कायद्यानेही या बाबतीत पुरेसे स्पष्ट बोलून ठेवले आहे, ही गोष्ट मासे पाळणाऱ्यांत फारशी माहीत नसावी. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, त्यामुळे मासा त्यात येतो. आणि कलम 11 नुसार, प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळेल इतकी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात त्याला ठेवणे, ही क्रूरता मानली जाते. इटलीतील मॉन्झा या शहराने 2004 मध्ये गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यावर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी रोमनेही तेच केले. तेथे हसणारे बरेच निघाले असतील. पण वाजवी संधी म्हणजे किती, हे प्रत्येक जातीगणिक ठरवायचे झाले तर कायद्याला शेवटी माशाच्या चेष्टेकडेच पाहावे लागेल.

काही जिवांच्या बाबतीत या शोधाचे उत्तर असे निघते की, पात्रच नाही. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाने 2004 मध्ये एका तरुण ग्रेट व्हाइट शार्क मादीला सुमारे 38 लाख लिटरच्या टाकीत 198 दिवस ठेवले आणि मग तिला समुद्रात सोडून दिले. पुढच्या वर्षांत आणखी काही शार्क ठेवून पाहिल्यावर 2011 नंतर हा प्रयत्न त्यांनी थांबवला. ज्याच्या ओढीला महासागराचे काठही अपुरे आहेत, त्याला लाखो लिटरही बंधच. घरगुती छंदात याच प्रकारचे उदाहरण मूरिश आयडल या देखण्या माशाचे आहे, जो चांगल्या टाकीतही बहुतेक वेळा खाणे सोडतो. अशा माशासाठी योग्य टाकी कोणती, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्याला न आणणे हेच आहे. 'भागवता'च्या ज्या एकादश स्कंधावर संत एकनाथांनी मराठीत विस्तृत टीका केली, त्यातील चोवीस गुरूंत मासा हा जिभेच्या आसक्तीने गळाला लागणारा, आणि पतंग हा रूपाला भुलून ज्योतीवर झेपावणारा. मत्स्यालयासमोर उभ्या असलेल्या माणसाने त्यांतला पतंग आठवावा. फरक इतकाच की येथे रूपाला भुलतो एक आणि जळतो दुसराच.

मनूने मासा शेवटी समुद्रात सोडला, म्हणून वाढलेला मासा जवळच्या समुद्रात सोडणे हा धर्म, असे कोणी मानू नये. इंडो-पॅसिफिक समुद्रातील लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला, आणि तो पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासून आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. विषारी काट्यांच्या या माशाला तेथे ओळखीचा शत्रू नसल्याने तो पश्चिम अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात पसरला आणि तेथील प्रवाळखडकांवरची लहान मासळी फस्त करत सुटला. एका जिवावरची दया शेकडो जिवांचा संहार ठरली. मनू ज्या पाण्यातून मासा आला त्याच पाण्याच्या साखळीत त्याला पुढे नेत होता. मुंबईत विकत घेतलेला हवाईचा किंवा इंडोनेशियाचा मासा गिरगावच्या चौपाटीवर सोडणाऱ्याला तो आधार नाही.

मग ज्याच्या घरी पात्र अपुरे पडलेला मासा आज आहे, त्याने काय करावे? मोठी टाकी असलेल्या जाणत्या माणसाला तो देणे, हा पहिला मार्ग आहे. सार्वजनिक मत्स्यालये असे मासे नेहमी घेऊ शकत नाहीत. त्यांच्या टाक्याही मोजक्याच असतात. थकलेल्या आणि निराधार गुरांसाठी, पाखरांसाठी, कुत्र्यांसाठी मुंबईत 1834 मध्ये पारशी आणि जैन दात्यांनी पांजरापोळ उभारली, आणि तशा संस्था महाराष्ट्रात व गुजरातेत आजही चालतात. माशांसाठी तशी सोय जवळपास नाही. खाऱ्या पाण्याची, सहा-आठ फुटांची, सतत देखरेखीखाली असलेली टाकी खर्चीक असते, आणि एकट्यादुकट्याने ती उभी करणे कठीण आहे. पण एखाद्या शहरातील पाळणाऱ्यांनी मिळून ती चालवणे अशक्य नाही. चांगल्या देखभालीत क्लाउन मासा वीस वर्षांहून अधिक आणि टँग त्याहूनही अधिक जगू शकतो, म्हणजे मुलाच्या हट्टासाठी आणलेला मासा त्या मुलाचे शिक्षण संपून ते परगावी गेल्यावरही घरातल्या टाकीत असतो. त्याला कोण सांभाळणार, हे टाकीच्या लांबी-रुंदीबरोबरच, मासा घरी येण्याआधी ठरवावे लागते.